लग्न, सोयाबीन आणि मधली माणसं

प्लेसमेंटच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत. ते स्वतःच जिना चढून येतात, खुर्चीत बसतात आणि आधी पाणी मागतात. देवासला मिठाईच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आम्ही म्हणजे मी आणि माझी सुमनआत्या. आत्या शाळेतून रिटायर झाली, चार दिवस घरी बसली आणि पाचव्या दिवशी माझ्या ऑफिसात येऊन फोनपाशी बसली. ती अजून उठलेली नाही.

काम तसं सरळ आहे. फॅक्टरीला सहा महिन्यांसाठी फिटर हवा, इलेक्ट्रिशियन हवा, की आम्ही शोधून द्यायचा. माणूस आमच्या कॉन्ट्रॅक्टवर, काम त्यांच्याकडे. तो आला नाही तर दुसरा पाठवायचा. तरी धारला एका मुंजीत शेजारच्या पानावरच्या काकांनी विचारलंच, "पण मधे बसून तुम्ही नक्की करता काय रे?"

मी जिलबी तोंडात घातली. भर पंगतीत काय काय सांगणार!

*

आत्याचा इंटरव्ह्यू ऐकण्यासारखा असतो. सतवासहून एक वेल्डर आला होता. सर्टिफिकेटं छान, अनुभव छान. आत्यानं ती फाइल बाजूला ठेवली.

"घर में किसी की शादी?"

"नहीं, मैडमजी."

"सोयाबीन कितने बीघा?"

"बारह."

"काटने कौन जाता है?"

वेल्डर खाली बघायला लागला. आत्यानं फॉर्मवर लिहिलं, 'कापणीला आठ दिवस नाही. बदली माणूस आधीच ठरवणे.' तेव्हापासून आमच्या फॉर्मवर तो रकानाच झाला. फॅक्टरीच्या एचआरमधली मुलगी फोनवर म्हणाली, "भिया, ये शादी और सोयाबीन वाला कॉलम क्या है? हमारे सॉफ्टवेअर में तो है ही नहीं!"

मी म्हटलं, "सॉफ्टवेअरला शेती नसते ना, ताई."

*

कैलास आमचा हुकमी इलेक्ट्रिशियन. गाव धारकडे, तिरल्याजवळ; देवासला खोली करून राहतो. हात सोन्याचा, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ! त्याला घेताना आत्यानं जुन्या मालकाला फोन केला नाही, त्याच्या घरमालकिणीला केला.

ती म्हणाली, "लड़का तो सीधा है. मेरा कूलर सुधार दे तो मानूँ."

आत्यानं कैलासला तिथल्या तिथे परत पाठवला. तासाभरात मालकिणीचा फोन आला. कूलर चालू, मिक्सर चालू, शेजारणीची इस्त्रीपण चालू! आत्या म्हणाली, "झाली ट्रेड टेस्ट."

*

आणि हाच कैलास कामावर लागल्यावर तिसऱ्याच दिवशी बस स्टँडवरून फोन करतो, "मैं तो गाँव जा रिया हूँ, मैडमजी."

आत्यानं "का?" विचारेपर्यंत फोन बंद. आत्या रिक्षा करून स्टँडवर गेली. हा धारच्या रस्त्याकडे तोंड करून बसलेला. साहेब ओरडले का? नाही. काम जड आहे का? नाही. शेवटी आत्याची नजर त्याच्या पायांकडे गेली. फॅक्टरीनं सेफ्टी शूज आठ नंबरचे दिले होते, पाय नऊ नंबरचा! दोन दिवस तो तसाच उभा होता, पण मोठे द्या म्हणायची लाज वाटली. आत्यानं त्याला रिक्षात घातलं, फॅक्टरीच्या गेटवर नेलं आणि जोडा बदलून घेतला. फॅक्टरीला वाटलं, पोरगा आजारी होता.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. एक चांगला माणूस एका नंबरापायी परत गेला असता.

*

मग त्या फॅक्टरीत पुण्याहून नवे प्लांट हेड आले, जोगळेकर साहेब. माणूस सभ्य, पण पहिल्याच भेटीत त्या मुंजीतल्या काकांचा प्रश्न! "मोबाइलवर टाकलं की दोनशे अर्ज येतात. मधे तुम्ही कशाला?"

आमचं ॲग्रीमेंट महिनाअखेर संपत होतं आणि आमची चाळीस माणसं तिथे होती. ते गेलं असतं तर ऑफिसला कुलूपच. माझी झोप उडाली. आत्या म्हणाली, "करू दे की त्यांना. हात पोळल्याशिवाय कळत नाही."

साहेबांनी मोबाइलवरून बारा जण घेतले. आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यातले नऊ गायब! सकाळी साहेबांचा फोन. "अहो, हा संप आहे का?"

"नाही साहेब, लग्नं आहेत."

"नऊ जणांची?"

"दोघांची. बाकीचे सात वऱ्हाडी."

आम्ही फॉर्मवरचा लग्नाचा रकाना बघून दुपारपर्यंत नऊ माणसं उभी केली. साहेबांनी थँक्यू म्हटलं, पण ॲग्रीमेंटचं नाव काढलं नाही.

*

आणि मग कैलास ऑफिसात आला. हातात लेटर. साहेबांनी त्याला थेट परमनंट करायचं ठरवलं होतं. आमच्याकडे बघत तो नुसता उभा. हो म्हणू की नको, तेही विचारवेना.

मी आत्याला आतल्या खोलीत नेलं. "आत्या, कैलास गेला की आपल्याकडे आहे काय? त्याला म्हण, विचार करून सांग."

"लाज नाही वाटत?" आत्या एवढंच म्हणाली आणि खरंच, मला वाटली.

तिनं चष्मा लावून लेटर दोनदा वाचलं. "नौकरी पक्की है, जाना. पर ये पूछे बिना दस्तखत मत करना." एका कागदावर तिनं मोठ्या अक्षरात प्रश्न लिहून दिले. प्रोबेशन किती, पीएफचा जुना नंबर चालू राहणार का, कामावर काही लागलं-खुपलं तर दवाखाना कोण बघणार. कागदाची घडी खिशात घालून कैलास गेला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जोगळेकर साहेबांचा फोन. आवाज अगदी हळू.

"तुमचा कैलास समोर बसलाय. प्रश्न विचारतो, मी सांगतो ते लिहून घेतो, आणि मग नुसता माझ्याकडे बघत बसतो. मी आपला आणखी काहीतरी कबूल करून टाकतो! त्याच्या बाजूनं तुमच्या आत्या आहेत. माझ्या बाजूनं बोलायला आहे का कोणी तुमच्याकडे?"

"आहे ना साहेब! आलोच आम्ही."

"लवकर या. येताना ते ॲग्रीमेंट आणा, सही करून टाकू. आणि आत्यांना विचारा, तीन प्रश्न झाले, हा म्हणतो चौथा आहे, पण विचारत नाही. तो कोणता?"

मी फोनवर हात ठेवून आत्याला विचारलं. ती चपला घालत होती, तिथेच थांबली.

"चौथा?" आत्या म्हणाली. "मी तर तीनच लिहून दिले होते."