छातीची डावी बाजू

मालवण बंदरात आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर मी मुंबईला निघालो, तेव्हा त्या पडावाच्या एका वल्ह्यावर माझे वडील होते आणि दुसऱ्यावर धाकटा भाऊ दिनू. मी मधल्या फळीवर ट्रंक मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या उतारूने विचारलं, "थोरलो चललो, मगे रापणीक कोण?" बाबांनी वल्हं न थांबवता उत्तर दिलं, "ह्यो लिवण्याचो, तो वडण्याचो."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर गावातली माणसं हाळी देत एका तालात ओढतात. मी त्या तालात कधीच बसलो नाही. बोटीच्या कठड्यावरून पाहिलं तेव्हा पडाव परत फिरला होता. दोघांची वल्ही एकदम पडत होती. बाबा काहीतरी बोलले, दिनू हसला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. दिनूचा हेवा मला तेव्हापासून वाटतो. जे माझ्यासारखे गेले त्यांनी आपापला हेवा तपासून पाहावा आणि जे राहिले त्यांना तो कळावा, म्हणून हे लिहितो आहे.

मुंबईत गिरगावात गावकऱ्यांची सामाईक खोली होती. तिथे वळकटीपुरती जागा मिळाली आणि वर्षभराने एका दैनिकात उपसंपादकाची नोकरी. परदेशच्या तारा इंग्रजीत येत, त्यांचं मराठी करायचं हे काम. गावी जाणाऱ्या माणसाबरोबर मी अंकांचा गठ्ठा पाठवी. माझ्या मजकुराभोवती तांबड्या पेन्सिलीची चौकट असे. बाबांना अक्षर येत नव्हतं. सातवी झालेला दिनू दुपारी जाळी दुरुस्त करायच्या वेळी त्यांना चौकटीतलं वाचून दाखवी.

साठ सालानंतर केव्हातरी एक तार माझ्या टेबलावर आली. बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू करण्यासाठी तोवर डॉक्टर छाती चिरून हृदय हाताने दाबत. अमेरिकेत कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्यांच्या लक्षात आलं की विजेचा धक्का देण्याचे पत्रे छातीवर नुसते जोराने दाबले तरी रक्ताचा दाब वर चढतो. म्हणजे चिरायची गरज नव्हती. रोग्याला उताणं निजवून दोन्ही तळहातांनी सेकंदाला एकदा छाती दाबायची आणि मधून मधून तोंडाला तोंड लावून श्वास भरायचा. पान बंद व्हायला थोडाच वेळ होता. मी भराभर लिहिलं. आतल्या पानावर, नाटकांच्या जाहिरातींशेजारी ती बातमी लागली.

पुढच्या हंगामात रापण सोडताना होडी लाटेत उलटली आणि बाबा तिच्याखाली सापडले. बाहेर काढले तेव्हा श्वास नव्हता. आमच्याकडे बुडालेल्या माणसाला उपड्या होडीवर पालथं घालून पाठ चेपतात. पोटातलं पाणी निघालं की माणूस उठतो, असा समज. तसंच चाललं होतं. दिनूने बाबांना ओढून ओल्या घट्ट वाळूवर उताणं घातलं. माणसं ओरडली, "पाणी पोटात आसा, पालथो घाल तेका!" तो ऐकेना. रापणीची हाळी तोंडाने म्हणत त्याने छाती दाबायला सुरुवात केली. मध्येच वाकून तोंडाला तोंड लावलं, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "वेड लागला झिलाक, बापाशीचो मुको घेतल्यान!" बाबांना उलटी झाली, मग खोकला आला. त्यांचे पहिले शब्द गाव अजून सांगतं: "मेल्या, माझो जीव घेतंस काय?"

मी पोचलो तो चौथ्या दिवशी. बाबा अंगणात बसले होते, छातीला फडकं बांधलेलं. येणारा प्रत्येक जण प्रसंग पहिल्यापासून सांगत होता आणि प्रत्येक सांगण्यात छातीच्या मधोमध दाबणारा दिनू होता. शेवटी मी म्हणालो, "ती बातमी मी लिहिली होती." बोललो ते शुद्ध मराठीत, कचेरीत बोलावं तसं. "हो काय? बरा झाला," कुणीतरी म्हणालं, आणि बोलणं परत दिनूकडे गेलं. दिनू मान खाली घालून जाळं विणत होता.

मुंबईला परतताना मी ठरवलं की त्या बातमीचं कात्रण चौकटीत बसवून गावच्या घरी लावायचं. कचेरीतली जुन्या अंकांची फाईल काढली आणि बातमी वाचली. मी लिहिलं होतं: 'छातीच्या डाव्या बाजूस, हृदयाच्या वर, जोराने दाबावे.' कचेरीत येणाऱ्या एका परदेशी मासिकात तोच विषय चित्रासह होता. चित्रातले हात छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या भागावर होते. तारेतही तेच असणार. हृदय डावीकडे असतं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून मी तारेचा तो शब्द नीट पाहिलाच नव्हता. कात्रण मी काढलं नाही. चूक सुधारणारा मजकूर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दिला.

पुढच्या मे महिन्यात घरी गेल्यावर दिनूला होडीपाशी गाठलं. "मी डाव्या बाजूक लिवललंय. तू मधी कसो दाबलंस?"

"पयलां तू लिवलंस तसाच केलंय. कडकन वाजला. बरगडी गेली." त्याने होडीच्या कुशीवर थाप मारली. "दादा, होडी ढकलताना फळयेर कोण जोर देता? फळी फुटता. जाड लाकूड बघूचा. म्हणान मधी इलंय."

"मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

"पेपरातला चुकला म्हणान सांगू? बाबा तुझा रोज वाचूक लावतत. तेंका पटात काय मगे?" मग हसून म्हणाला, "आणि माझा वाचन फुकट जायत."

बाबांना त्याने वाचवलं होतं. माझी चूकही त्यानेच झाकून ठेवली होती. ही दुसरी गोष्ट मला जास्त लागली. मनाच्या मोठेपणातही तो माझ्या पुढे निघाला.

त्याच दुपारी मी बाबांना सगळं सांगितलं. बातमी चुकली होती, तुमची बरगडी माझ्यामुळे मोडली, हे त्याच शब्दांत. ते जाळ्याची गाठ मारत ऐकत होते. मग त्यांनी सदरा वर केला. डाव्या अंगाला बरगडी वाकडी जुळून उंचवटा आला होता. माझा हात धरून त्यांनी त्यावर ठेवला. "दिनूचो हात मधी," ते म्हणाले. "तुझो हयसर." आणि पुन्हा गाठीकडे वळले.

काही वर्षांनी बाबा गेले. अंघोळ घालताना दिनू डोक्याशी होता, मी डावीकडे. तो पाणी ओतत असताना माझा तळहात आपसूक त्या उंचवट्यावर गेला. दिनूने पाहिलं आणि तांब्या माझ्याकडे दिला.

मुंबईत कुणी घर विचारलं की मी मालवण सांगतो. तिथे रापण माझ्याशिवाय ओढली जाते, ताल चुकत नाही, आणि ते मला अजून सहन होत नाही. घरात माझा म्हणून एवढाच पुरावा उरला होता, एक मोडलेलं हाड. तो त्या दिवशी बाबांबरोबर गेला. पण तो कुठे होता हे दिनूला ठाऊक आहे.