टिपणीसबाईंचा पहारेकरी

टिपणीसबाई कुणाला माफ करत नसत. एरवी बाई लाखात एक. डब्यातली कोलंबीची खिचडी अर्धीअधिक आम्हाला वाटून टाकत, कुणाच्या घरी आजारपण असलं तर त्याचं काम न बोलता आपल्याकडे ओढून घेत. पण कुणी खोटं बोलून त्यांच्या माथी काही मारलं की संपलं. "क्षमा करायचं काम मी देवावर सोडलंय," त्या म्हणत. "त्याला दुसरं काम तरी काय आहे?" आज बाई नाहीत, आणि त्यांच्या सगळ्या गुणांत मला हाच जास्त आठवतो. तो माझ्यातही उतरलाय. हे सगळं मी त्याच गुणापोटी लिहितोय, हे आधीच सांगितलेलं बरं.

आमचं ऑफिस ठाण्याला, नौपाड्यात. कारखान्यांच्या यंत्रांची ड्रॉइंग करून द्यायची, हा धंदा. नव्वदीच्या मध्यावर ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले आणि संगणक आले, सगळे एका केबलने एकमेकांना जोडलेले. ड्रॉइंग मात्र सगळी कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनवर. एकाने एखादं उघडलं की त्याला कुलूप लागे, दुसऱ्याला त्यात हात घालता येत नसे. पंचाईत व्हायची ती उघडणाऱ्याचं मशीन मध्येच बंद पडलं तर. मशीन मेलेलं, आणि त्याने लावलेलं कुलूप तसंच.

यासाठी बाईंनी पहारेकरी बसवला होता. म्हणजे एक प्रोग्रॅम. पडद्यावर न दिसणारा, मागच्या मागे सतत चालणारा. कुणाचं कुणाशी काम चाललंय ते तो ध्यानात ठेवी, आणि पडलेलं मशीन पुन्हा उठलं की बाकीच्यांना कळवी: हा पडला होता, आता उठलाय, याची जुनी कुलपं सोडा. "अरे, माणूस घेरी येऊन पडला तर पडला," बाई आम्हाला समजावत. "पण शुद्धीवर आल्यावर चार घरी सांगायला नको?"

त्यात त्यांनी स्वतःची एक भर घातली होती. कुणी रीतसर बंद न करता नुसता स्विच ओढला, की मशीन उठताना त्या माणसाचं नाव सगळ्यांच्या पडद्यांवर झळके. आमच्यातला भोईर कळव्याचा, जातिवंत आगरी. मशीन अडकलं की त्याचा हात स्विचकडे जायचा आणि बाईंकडे बघून मागे यायचा. "बाय, तुजा पारेकरी झोपतं कवा गो?" तो विचारी. "माझ्यावर गेलाय तो," बाई म्हणत.

सगळ्यात जास्त वेळा नाव झळकायचं ते साहेबांचं. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. गोरेगोमटे, अत्तर लावणारे, इंग्रजीत रागावणारे. नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. पडदा जरा थबकला की हे स्विच ओढणार. "मशीन आहे, बायको नाही, समजूत काढत बसायला," असं वर म्हणणार. बाई ऐकून घेत आणि काहीच बोलत नसत. साहेबांनी खरं तर तेव्हाच घाबरायला हवं होतं.

कारखान्यांची रीत आमच्याकडेही होती, खंडेनवमीला मशीनं थांबवून पूजा करायची. मॉनिटरला झेंडूच्या माळा, कीबोर्डला हळदकुंकू. बाईंनी बजावून ठेवलं होतं की आधी लहान मशीनं बंद होतील, मोठं सगळ्यांत शेवटी, आणि याला थोडा वेळ लागेल. पण भटजींना पुढे आणखी दोन कारखाने गाठायचे होते. मुहूर्त टळतोय म्हणताच साहेब सोवळ्यातच उठले आणि त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग नारळ फुटला, आरती झाली, पेढे वाटले गेले.

दसऱ्यानंतर मशीनं चालू केली तर मोठ्या मशीनची डिस्क बिघडलेली. पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची बरीचशी ड्रॉइंग गेली. मालक धावत आले. साहेबांनी त्यांच्यासमोर, आम्हा सगळ्यांसमोर, बाईंकडे बोट दाखवलं. "यांचा तो प्रोग्रॅम. मागे गुपचूप चालू असतो. त्यानेच खाल्लं." मी स्विचचं सांगितलं, भोईरनेही सांगितलं. मालकांनी ऐकलं नाही. साहेब त्यांचे मेहुणे होते.

"तो पहारेकरी आत्ताच्या आत्ता बंद करा," साहेब ओरडले. "आणि मोठ्या मशीनच्या स्विचला यापुढे कुणी बोट लावायचं नाही!"

बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब, नक्की बंद करू ना?"

"मराठी कळत नाही का?"

बाईंनी शांतपणे बसून पहारेकरी बंद केला, पर्स उचलली आणि डोंबिवलीला घरी गेल्या त्या परत आल्या नाहीत. उमेदीची सगळी वर्षं त्या ऑफिसात घातलेली बाई जाताना दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेऊन गेली. त्या दिवशी मला साहेबांची गचांडी धरावीशी वाटली होती. आजही वाटते.

पुढे व्हायचं तेच झालं. मशीनं पडत, उठत, पण कुणी कुणाला कळवेना. कुलपं अडकत गेली. गेलेली ड्रॉइंग आम्ही मान मोडून पुन्हा काढत आणली होती, नेमकी तीच उघडेनात. पहारेकरी परत चालू कसा करायचा हे बाईंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकाने शेवटची मुदत दिली, तेव्हा साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन डोंबिवलीला निघाले. घर मला ठाऊक, म्हणून मलाही जीपमध्ये घातलं.

बाईंनी आम्हाला बसवलं, चहा केला, साहेबांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उपाय आहे, अगदी साधा आहे. उद्या येते मी. मालकांना बोलावून घ्या आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, की स्विच मी ओढला."

साहेब हसले. "झालं गेलं गंगेला मिळालं, बाई. पगार वाढवून देतो."

"पगार नको. गेलेलं नाव परत हवंय."

"एवढ्याशा गोष्टीसाठी मालकांसमोर..."

"एवढीशीच असेल तर म्हणून टाका की."

साहेब उठले. चपला घालताना 'बायकांचं हे असंच' असं काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरायला लागले.

त्यांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. ते गिऱ्हाईक गेलं, त्याच्यामागून दुसरं गेलं. मालकांनी मेहुण्याला उचलून गोदामात बसवलं आणि काही दिवसांनी तिथूनही काढलं. ही बातमी कळली त्या रविवारी बाईंनी श्रीखंड केलं आणि मला मुद्दाम बोलावून आग्रहाने वाढलं. कुणी याला दुष्टपणा म्हणेल. म्हणोत बापडे. मी वाटी पुसून खाल्ली.

पण त्या दिवशी, साहेब जिना उतरत असताना, बाईंनी मला दारात थांबवलं. "सुधीर, मोठं मशीन एकदा रीतसर बंद करून पुन्हा चालू केलंत, तर सगळी कुलपं सुटतील. तुझीही नोकरी आहे, म्हणून तुला सांगितलं. त्याला सांगायचं की नाही ते तू बघ." म्हणजे ज्या स्विचला हात लावायला साहेबांनी स्वतः बंदी केली होती, त्याच्या पलीकडेच उपाय होता.

शीळफाट्याला जीप ट्रकांच्या मागे अडकली. साहेबांनी रुमालाने मान पुसत विचारलं, "बाई तुला दारात काय सांगत होत्या रे?"

"काही नाही, साहेब," मी म्हणालो. "चहात साखर कमी पडली का, विचारत होत्या."