तळमजल्यावरची चूल

मल्हारीने जाधववाडीच्या धान्याच्या मोंढ्यात उभं आयुष्य पोती वाहिली. पोतं उचलताना जोर कमरेत घेऊ नये, मांडीत घ्यावा, असं तो प्रत्येक नव्या हमालाला सांगायचा. नवा हमाल ऐकायचा नाही आणि वर्षभरात कमरेला पट्टा बांधून यायचा. मल्हारीने स्वतः हे पाळलं. साठीनंतर त्याचे गुडघे गेले. जोर कमरेत घेतला की कमर जाते, मांडीत घेतला की गुडघे. फरक एवढाच.

मिसारवाडीत माडीवरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत तो राहायचा. बायको दगडाबाई, मुलगा अंगद, सून योगिनी आणि नात श्रेया. जिना लोखंडी आणि उभा होता. मल्हारी तो उलटा उतरायचा, शिडी उतरतात तसा. त्याच्या खालच्या पायरीवर दगडाबाई उभी असायची. तो पडलाच तर ती काय धरणार होती, हे दोघांनाही माहीत होतं. तरी ती उभी राहायची.

अंगद वाळूजला एका कंपनीत कंत्राटावर होता. त्यानेच बातमी आणली. शहराच्या निवारा आयोगाने गावाबाहेर इमारती बांधल्या होत्या. तळमजला म्हाताऱ्यांना, वरचे मजले कुटुंबांना. भाडं कमाईच्या मानाने. घरं चिठ्ठ्या टाकून.

"आबा, दोन अर्ज करू," अंगद म्हणाला. "तुमचा न् मायचा एक, आमचा एक. कुठलाबी लागू दे, ऱ्हायचं समद्यांनी मिळून."

"मग दोन कशाला?"

"म्हाताऱ्यांचा अर्ज वेगळी चूल असंल तरच घेतेत. बघायला माणूस येतो. तेवढ्यापुरती दाखवायची."

दगडाबाई ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला. "दाखवायची म्हंजी? चूल काय तमाशातली हाय व्हय?"

मेंढरांमागं फिरणारं तिचं माहेर कन्नडच्या घाटाखालचं. तिथं चूल वेगळी होते ती चार माणसांदेखत. जुन्या चुलीतला विस्तव नव्या चुलीत घालतात, दूध उतू घालतात आणि देव कुणाकडे राहणार ते ठरवतात. त्यानंतर त्या दोन चुली परत एक होत नाहीत. एकत्र जेवायचं ते सणाला, आवतण देऊन. खोटी चूल मांडली तर देव ती खरी करून दाखवतो, असं तिथं मानतात.

पण जिन्यावर खालच्या पायरीला रोज तीच उभी राहत होती. सकाळी म्हणाली, "मांडायची तर रीतीनं मांडू. खोटी नाय."

सुखना नदीच्या काठची माती तिने पाटीतून आणली. चाळली, भुसा घालून तुडवली, गच्चीच्या कोपऱ्यात चूल घातली. घाईत वाळवली तर चूल तडकते, म्हणून उन्हाला पोतं आडवं लावलं.

"आत्या, गॅसची शेगडी ठिवली असती तरी भागलं असतं," योगिनी म्हणाली.

"शेगडीत विस्तव कुठला?"

योगिनीच्या गॅसवर कापूर पेटवून दगडाबाईने तोच विस्तव म्हणून नेला. दूध उतू घातलं. खंडोबाचे आणि बाकीच्या देवांचे चांदीचे टाक उचलून आपल्या खोलीत मांडले. अंगदला हसू आवरेना.

"माय, आता जेवायला आवतण देशील का?"

"दीन. सणाला."

त्या दिवसापासून ती खरंच वेगळं रांधू लागली. आयोगाची बाई आली ती बऱ्याच दिवसांनी. दारातूनच तिने विचारलं, "स्वयंपाक वेगळा ना, आजी?" दगडाबाई व्हय म्हणाली. बाईने कागदावर खूण केली आणि जिना उतरली. गच्चीकडे तिने पाहिलंही नाही.

चिठ्ठीत मल्हारीचं नाव निघालं. अंगदचं निघालं नाही. तरी अंगदने पेढे वाटले. घर लागलं होतं, सगळ्यांचं.

चावी देताना आयोगाच्या कचेरीतला मुलगा अदबीने बोलला. "काका, तुम्ही दोघांनीच राहायचं. मुलगा-सून भेटायला येऊ द्या. राहायला नाही."

"पोरगं माझंच हाय."

"तुम्हीच लिहून दिलंय ना, वेगळे राहतो म्हणून? त्यांचं पुढच्या सोडतीत बघू."

मल्हारी बसमध्ये चावी मुठीत धरून बसला. परत करायची, हे त्याने ठरवलं होतं. फक्त पोराने एकदा म्हणावं, आबा, नका जाऊ. बास.

घरी त्याने सगळं सांगितलं. "परत करतो. जिन्याचं काय, उतरतो उलटा."

योगिनी आतल्या खोलीकडे बघत होती. तिथं म्हाताऱ्यांची खाट होती. "मामा, लागलेलं घर कुणी परत करतं व्हय? लोक वणवण करायलेत."

"तू सांग," मल्हारी अंगदला म्हणाला.

"तुमच्या गुडघ्याचंबी बघाया पायजे ना, आबा. न् चूल तर वेगळीच हाय आता."

जड पोतं उचलण्याआधी माणूस श्वास घेतो. अंगदने घेतला नाही.

दगडाबाई उठून भांडी काढायला लागली. मल्हारीने थोड्या वेळाने विचारलं, "देव तरी इथं ठिवू? पोराच्या घरी असावंत."

"तिकडंच न्या," अंगद म्हणाला. "तिकडं जागा हाय."

घर चांगलं होतं. मल्हारीने भिंतीवर थापा मारून पाहिल्या. गिलावा पोकळ नव्हता. नळाला जोर होता. दाराशी पायरीऐवजी उतार, मोरीत धरायला दांडी. नावं ठेवायला जागा नव्हती, आणि तेच त्याला सलत होतं. बांधणाऱ्यांनी कष्टात कसूर केली नव्हती.

शेजारी रामकिसन, एसटीच्या डेपोतला जुना मेकॅनिक. पहिल्याच दिवशी दाराबाहेरच्या बाकावर त्याने विचारलं, "तुमची कधी झाली?"

"काय?"

"चूल वेगळी."

"अर्जाच्या टायमाला."

"आमचीबी तवाच," रामकिसन म्हणाला. "या लायनीत समद्यांचीच तवा झाली." बाकावरचे सगळे म्हातारे हसले. हसता हसता त्यांच्यातल्या फकिराला खोकला लागला.

चंपाषष्ठी आली. दगडाबाई हळदकुंकू घेऊन बसने मिसारवाडीला गेली, रीतीप्रमाणे आवतण द्यायला. गच्चीवर तिची चूल नव्हती. तिथं कपडे वाळत घालायचा स्टँड होता. अंगद म्हणाला, "येतो की, माय."

सणाच्या दिवशी तिने वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे केले. ताटात नारळ, खोबरं आणि भंडारा मांडला. ही तळी पाच पुरुषांनी मिळून उचलायची आणि माथ्यापर्यंत न्यायची. चार शेजारी येऊन बसले होते. पाचवा मल्हारी. तरी तो थांबला होता. पोराने आपल्या जागी हात लावावा असं त्याला वाटत होतं.

फोन वाजला. "आबा, ओव्हरटाइम लागलाय. तुमी उरकून घ्या."

"श्रेयाला तरी धाड योगिनीसंगं."

"शाळा हाय तिची उद्या."

मल्हारीने फोन ठेवला. "लावा हात," तो म्हणाला.

पाच हात ताटाखाली गेले. "येळकोट येळकोट जय मल्हार!" ताट कमरेला आलं, छातीला आलं आणि तिथंच थांबलं. फकिराचा खांदा वर जात नव्हता. रामकिसनचं कोपर सरळ होत नव्हतं. बाकीच्या दोघांनी नुसती बोटं लावली होती.

"हितवरच बास," रामकिसन म्हणाला. "देवाला कळतं."

दगडाबाई दारात उभी राहून बघत होती.

मल्हारीने दुसरा हात ताटाखाली घातला. पाय फाकले, वाकला, जोर मांडीत घेतला. गुडघे कडाकडा वाजले ते सगळ्यांनी ऐकलं. ताट माथ्याला लागलं.

खाली घेताना मात्र चौघांनी आधी त्यालाच धरलं.