गोळीमावशीचा दवाखाना

हॉस्टेलात सगळ्या तिला गोळीमावशी म्हणत. नर्सिंगचं तिसरं वर्ष, पण तोरा मेट्रनचा. पलंगाखाली बिस्किटांचा डबा आणि त्यात वॉर्डातून उरलेल्या गोळ्या. पट्ट्या कापून कापून त्यांवरची नावं कधीच गेली होती. डोकं दुखलं की पांढरी, पोट बिघडलं की गुलाबी, घसा धरला की लाल-काळी. हीच बाई वॉर्डात रोग्यांवर डाफरायची, "आजोबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही गिळायचं नाही!" लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पोरी तरी काय करणार? आजारपणाची रजा घेतली की तेवढी ड्युटी सुट्टीत भरून द्यावी लागे. त्यामुळे डॉक्टरकडे कुणी जात नसे, सगळ्या त्या डब्यावरच बऱ्या होत.

तिच्या खोलीत बुटकी राहायची. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. खिडकी उघडी की बंद, एवढ्यावरूनही जुंपायची. एकदा बुटकी रात्रभर खोकत राहिली. सकाळी ड्युटीला निघताना गोळीमावशीने तिच्या हातावर लाल-काळी आपटली.

"झोपेचं खोबरं केलंस माझ्या. गिळ!"

"कसली आहे?"

"विष आहे. गिळ म्हटलं ना!"

बुटकीने गिळली. याआधी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का, हे वॉर्डात त्या प्रत्येक रोग्याला विचारत. खोलीत कोण विचारतंय! आपल्यातल्या आपल्यात कसली आलीय चौकशी?

वॉर्डात चादर बदलता बदलता बुटकी अंग खाजवू लागली. ओठ सुजले, श्वास लागला आणि ती खाली कोसळली. सिस्टरनी धावत येऊन मांडीत इंजेक्शन दिलं.

"काय खाल्लंय हिने? तू हिच्याच खोलीत ना गं?"

गोळीमावशीची पाचावर धारण बसली. खरं बोललं तर कॉलेजातून हकालपट्टी. तिकडे बाबा गल्लीभर सांगत सुटलेले, पोरगी सिस्टर होणार म्हणून.

"मला काय माहीत?" ती म्हणाली.

बुटकी सुजलेल्या डोळ्यांनी तिच्याकडेच बघत होती. मेली मरतामरताही मला अडकवणार, असंच गोळीमावशीच्या मनात आलं. खरंच आलं.

श्वास जरा सुरळीत झाल्यावर डॉक्टरांनी बुटकीचा घसा पाहिला. चांगलाच लाल होता, अंगात तापही होता. त्यांनी एका औषधाचं नाव घेतलं आणि सिस्टरनी कुपी उचलली. गोळीमावशीने ते नाव ओळखलं; वॉर्डातल्या लाल-काळ्या गोळ्याही त्याच औषधाच्या असत. सिरिंज भरत आली होती.

"नका देऊ!" ती किंचाळली. "बहुतेक तेच दिलंय तिला. सकाळी. मीच दिलं."

"बहुतेक?"

"पट्टीवर नाव नव्हतं."

सिस्टरनी सिरिंज खाली ठेवली. "रंग बघून औषध देतेस? चालती हो माझ्या वॉर्डातून."

कॉलेजने तिला वर्षभरासाठी काढलं. बॅग भरून ती बुटकीच्या खाटेपाशी आली, ती माफी मागायला नव्हे.

"तुझ्यापायी माझं वर्ष गेलं. खूश?"

बुटकीचा आवाज अजून नीट फुटत नव्हता. घोगऱ्या सुरात ती म्हणाली, "गोळी मीच गिळली, त्याचं मी कुणाला काही बोलले नाही. पण 'मला काय माहीत' म्हणालीस ना, ते ऐकलं मी. घसा सुजला होता माझा, कान नव्हते सुजले."