हळदीच्या रानातली चाल

नव्वदच्या दशकात मी टेम्पोतून कोंबड्यांचं खाद्य पोचवायचो. औंढ्याच्या रस्त्यावर एका मालकांची पोल्ट्री होती. मालक, त्यांचा धाकटा भाऊ आणि दोघांच्या बायका, सगळे तिथंच राबायचे. बघता बघता एका शेडच्या चार झाल्या.

एका हिवाळ्यात वीज गेली. ऊब देणारे दिवे विझले आणि नव्या शेडमधली सगळी पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरून मेली. मालकांनी ती आपल्या हातांनी मागच्या रानात पुरली. पुढच्या हंगामात तिथं हळद खांद्याला लागली. त्या पिकाच्या पैशावर पाचवी शेड उभी राहिली.

एकदा मी मालकांना शोधत बांधावर गेलो. ते हळदीतून येत होते. पाय उचलतच नव्हते, मातीवरून घासत होते. पिल्लांच्या शेडमध्ये तसं चालावं लागतं, नाहीतर एखादं पायाखाली चिरडतं. मागून धाकटा भाऊ आला, तोही तसाच.

"मालक, इथं काहून असं चालून राहिले?"

"पायात येऊन राहिलेत न," ते शांतपणे म्हणाले. "चला, घर इकडून जवळ पडतं. तुमीबी जपून या."

मी त्यांच्यामागं हळदीत शिरलो. खाली नुसती माती होती. तरी रान संपेपर्यंत माझा पाय उचलला नाही.