नाड्यावर न बसणारा गडी

१९२५ सालच्या पाडव्याचा दुसरा दिवस. सकाळच्या साडेसातला केदारखेड्याच्या शिवारात द्वारकाबाई कांद्याच्या वाफ्यांत पाणी वळवत, दारं धरून उभ्या होत्या. गावात उंदीर मरून पडले तसं सगळं गाव रानात खोपी घालून राहत होतं. प्लेगात बाईंचा जुना सालदार गेला होता. खोपीत त्या आणि दिवस भरत आलेली सून तुळजा, दोघीच.

विहिरीवर नवा गडी मच्छिंद्र मोट हाकत होता. तीर्थपुरीकडचा हा माणूस शेजारच्या रखमाजींनी आणून दिला होता; मोटेवरच वाढलाय म्हणाले होते. तिकडे उंदीर पडले नाहीत, हे बाईंनी विचारून घेतलं आणि काल गुढीखाली स्वतःच्या हातानं त्याला पोळी वाढली. ती पोळी खाल्ली की साल ठरलं. मग पुढच्या पाडव्यापर्यंत गड्यानं सोडायचं नाही, मालकानं काढायचं नाही.

बैल मोट ओढत विहिरीपासूनच्या उतरत्या वाटेला, धावेला, लागले की मोटकरी नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसून खाली जातो. तेवढाच त्याला विसावा. मच्छिंद्र बसत नव्हता. दर खेपेला डावा पाय फाकवून बैलांमागं चालत होता.

"मच्छिंद्रा, नाड्यावर का बसंना?"

"सवय न्हाई, बाई."

बांधावरून रखमाजी चालले होते, ते हसले. "बसून खाणारे गडी लई पाह्यले, वहिनी. तुमच्या नशिबी चालणारा आला."

बाई हसल्या नाहीत. जुना गडीही मरायच्या आधी असाच चालत होता. त्यांनी तुळजाला रखमाजींसोबत त्यांच्या खोपीवर धाडलं, कारण सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर शिवारानं मच्छिंद्रला दगडं मारून हाकललं असतं. दोघं दिसेनाशी झाल्यावर त्या धावेपाशी गेल्या, वारा पाठीवर घेऊन उभ्या राहिल्या आणि पुन्हा तेच विचारलं.

मच्छिंद्रनं बैल थांबवले. "जांघंत गाठ आलीय. आधी सांगितलं असतं तर ठेवलं असतं का तुमी?"

बाई दोन पावलं मागं सरल्या. काल पोळी वाढताना त्याची बोटं त्यांच्या बोटांना लागली होती. तेच हात रात्री तुळजाच्या पोटावरून फिरले होते.

"पाय दाखव," त्या लांबूनच म्हणाल्या. पायात काटा मोडला की जांघेत अवधान येतं, नुसती साधी गाठ धरते, हे त्यांना ठाऊक होतं. टाच सुजली होती आणि मधोमध काळा ठिपका होता. स्वतःच्या टाचेतला काटा त्याला दिसेना, सुईही धरता येईना. शेवटी बाईंनी तोंडाला पदर बांधला आणि खाली बसल्या. सुई दोनदा भलतीकडेच टोचली. मग पू आला आणि त्याच्याबरोबर बाभळीचा काटा. जखमेला त्यांनी तापवलेल्या बिब्ब्याचा चटका दिला.

अवधानच होतं. पण काटा मोडलेल्याला प्लेग होत नाही, असं कुठं असतं? पाय हाताला गरम लागत होता. सुजेनं की तापानं, ते कळेना. त्यांनी राखेनं हात घासले, परत घासले.

दिवसभर त्याची भाकर दगडावर ठेवली गेली. निजायला खोपीबाहेर विहिरीकडची जागा दिली. तुळजाला त्यांनी परत आणवलं नाही.

सांजेला लांबूनच विचारलं, "ताप?"

"न्हाई, बाई."

खालच्या वाफ्याचं पाणी राहिलं होतं. उद्या दिवस उगवायच्या आत मोट जुंपायची, आणि खोपीच्या दारातून धावेचा उतार पुरता दिसतो; गडी नाड्यावर बसतो की चालतो, ते तिथूनच कळेल.