दहब मावशीचा वाडगा

दहब मावशी आमच्याच गल्लीत राहायची आणि तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. आमच्या नव्या अदिंदान गावातली सगळी घरं सरकारनं एका दमात बांधलेली, सगळी सारखीच. तिचं घर मात्र लांबून ओळखू यायचं, कारण ओट्याच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यावर मातीचा एक वाडगा असायचा. दर शुक्रवारी ती तो घासूनपुसून काठोकाठ भरायची. शेजारची शेळी येऊन ते पाणी पिऊन जायची, मावशी शेळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि वाडगा पुन्हा भरायची.

आमच्यात कबरीच्या उशाशी पाण्याचा वाडगा ठेवतात, गेलेल्याला तहान लागू नये म्हणून. मावशीचा वाडगा नबराचा होता. नबरा म्हणजे तिची पहिली मुलगी. पाऊल टाकायला लागायच्या आधीच तापानं गेली. तिची कबर राहिली दूर दक्षिणेला, जुन्या गावात, आणि जुन्या गावावर धरणाचं पाणी आलं.

गाव उठलं तो दिवस मी पाहिलेला नाही, माझा जन्म नंतरचा. पण आईनं इतक्यांदा सांगितलाय की पाहिल्यासारखाच आहे. बोटी काठाला लागल्या होत्या आणि सगळं गाव वर टेकाडावर, कबरस्तानात गेलं होतं. लोकांनी कबरींवर पाणी घातलं, माती कपाळाला लावली, आम्ही जातो, माफ करा, असं म्हणून मेलेल्यांचा निरोप घेतला. दहब मावशी तेवढी गेली नाही. कोवळं वय, नवरा कैरोत कुणाच्या तरी बंगल्यावर स्वयंपाकी, आणि डोकं दगडाचं. बायांनी हात धरून ओढलं तर म्हणाली, "निरोप परत न येणाऱ्यांनी घ्यायचा. पाणी एकदा स्थिरावलं की मी परत येणार आहे. मी का घेऊ निरोप?" आणि बोटीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

परत कुणीच गेलं नाही. मावशीनं मात्र मनाशी पक्कं धरलं होतं, की गाव बुडालं तर बुडालं, कबरस्तान उंचावर आहे, पाणी काही तिथवर चढलेलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे ते टेकाड होतं, नबराच्या उशाशी सुकून तडकलेला वाडगा होता आणि तहानलेली पोर होती. गल्लीत सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं. पण तिला ते सांगणार कोण? सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्यात जास्त तिच्या मुलानं, फिक्रीनं.

फिक्री गाईड आणि मी त्याच्या गाडीचा ड्रायव्हर. हा माणूस रोज सकाळी अस्वानच्या हॉटेलांतून पाहुणे गोळा करायचा. आधी खाणीत अर्धवट सोडलेला दगडी स्तंभ, मग मोठं धरण, मग बोटीतून फिलेचं देऊळ. परक्या भाषेत तो असा काही रंगायचा की माणसं तोंड उघडं टाकून ऐकायची. घरी मात्र आईपुढे त्याची जीभ लुळी पडायची. धरण दाखव म्हणून ती मागे लागली की तो म्हणायचा, पुढच्या हंगामात. असे किती हंगाम गेले ते विचारू नका.

मग डॉक्टरनं सांगितलं की मावशीची नजर चालली आहे आणि आता ती परत यायची नाही. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो.

"रोज गोऱ्यांना दाखवतोस," मावशी म्हणाली. "मीच तेवढी खुपते का तुझ्या डोळ्यांत?"

"आई, गाव तिथून दिसत नाही गं. फार लांब आहे."

"गाव कुणाला हवंय? त्या दिशेनं उभं कर, बास. परत जायचं आता काही खरं नाही. पोरीला पाणी घालते आणि त्या दिवशी घ्यायचा राहिलेला निरोप घेते. आंधळी झाल्यावर कुणीकडे तोंड करू?" मग आवाज एकदम खाली आणून तिनं विचारलं, "टेकाड कोरडं आहे ना रे?"

"असेल ना," फिक्री म्हणाला.

मी चहाच्या पेल्यात बघत बसलो.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या शेजारची सीट रिकामी निघाली. मावशी काळा झुळझुळीत झगा घालून आली. मांडीवर फडक्यात बांधलेला तोच वाडगा, आणि घरच्या पाण्याची बाटली. मागे आठ-दहा पाहुणे. खाणीत फिक्रीनं त्या प्रचंड स्तंभाची गोष्ट सांगितली, कोरता कोरता तडा गेला म्हणून हजारो वर्षं तसाच पडून आहे वगैरे. मावशीनं डोळे बारीक करून पाहिलं.

"मोडका दगड बघायला इतक्या लांबून येतात ही माणसं?"

"मावशी, हळू बोल. आपलं पोट आहे त्यांच्यावर."

"मग बघू देत. आमचं अख्खं गाव मोडलं, तेव्हा एक नाही आला बघायला."

मी हसलो. त्या दिवसातलं माझं ते शेवटचं हसणं.

धरणावर गाडी थांबली. फिक्रीनं सुरुवात केली, की या धरणात मोठ्या पिरॅमिडच्या सतरापट दगडमाती आहे. पाहुण्यांनी माना वर केल्या, कॅमेरे काढले. मावशी कुणासाठी थांबली नाही. दक्षिणेच्या कठड्यापाशी जाऊन तिनं फडकं सोडलं, वाडगा कठड्यावर ठेवला आणि समोर पाहिलं.

समोर पाणी होतं. नजर पोचेल तिथवर पाणी, आणि मध्ये मध्ये काळ्या खडकांची टोकं.

"ते दगड कसले?" तिनं विचारलं.

फिक्री तिच्या मागे येऊन उभा होता. "डोंगर आहेत, आई."

"एवढे एवढे डोंगर?"

"त्यांची टोकं आहेत ती. बाकीचे खाली आहेत."

मी मावशीच्या तोंडाकडे बघत होतो, बघायला नको होतं. ती मनात डोंगराची उंची लावत होती आणि त्याच्या पायथ्याशी आपलं ते टेकाड. टेकाड म्हणजे घरापासून हंडा घेऊन न थांबता चढता येईल एवढं.

पहाऱ्यावरचा एक शिपाई जवळ आला. भला माणूस होता. "हाज्जा," तो वडीलधाऱ्या बाईला म्हणावं तसं अदबीनं म्हणाला, "ऊन लागेल. ते पाणी प्या आणि सावलीत बसा."

मावशीनं बाटली त्याच्या हातात दिली. "तूच पी, बाळा. इथं कुणाला नको आहे ते."

शिपाई बिचारा आमच्याकडे बघत बघत प्यायला. मावशीनं वाडगा पुन्हा फडक्यात बांधला आणि मुलाकडे न बघता म्हणाली, "कोरडं असेल म्हणालास."

"हो."

एवढंच. त्याचा राग करावा की कीव करावी ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

तिला घरी सोडून यावं असं मी सुचवलं, पण पाहुण्यांना टाकून जाणार कुठे? देवळाला आली ती आमच्याबरोबर, न्याल तिकडे येईन अशा चालीनं. तिथल्या खांबांमध्ये फिक्रीला आपली सगळ्यात लाडकी गोष्ट सांगणं भाग होतं. तो ती अगदी तशीच बोलला, तेच हातवारे, तीच थांबायची जागा. शेवटी नेहमीप्रमाणे टाळ्या पडल्या.

"काय सांगितलंस रे, एवढी खूश झाली ती माणसं?" मावशीनं विचारलं.

फिक्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. हीच गोष्ट आपल्या भाषेत सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"हे देऊळ पाण्यात जाणार होतं, आई. मग देशोदेशीची माणसं आली. एकेका दगडावर आकडा घातला, सगळं सोडवलं आणि या उंच बेटावर आणून पुन्हा होतं तसं उभं केलं."

"सगळे दगड?"

"सगळे."

मावशीनं त्या अवाढव्य खांबावर तळवा ठेवला आणि वरपर्यंत पाहिलं. मग दोन्ही हात पोटाशी धरून, उशीएवढं माप दाखवत म्हणाली, "ती एवढीशी होती रे. एका माणसानं उचलली असती."

पिवळ्या टोपीची एक पाहुणी बाई जवळच होती. तिनं फिक्रीला प्रेमानं विचारलं, आई काय म्हणते? फिक्री म्हणाला, "फार सुंदर आहे म्हणते."

परतताना मावशी गाडीत एकदाच बोलली, तेही मला नव्हे. "बुडालेल्या लेकराला पाणी पाजत राहिले मी. दर शुक्रवारी. पाणीच पाजत राहिले." निरोप तिनं घेतलाच नाही. घ्यायचा कुणाचा, कुठे तोंड करून? वाडगा त्या दिवशी घरात गेला तो पुन्हा ओट्यावर आला नाही. शेळी आपली शुक्रवारी यायची, कोपरा हुंगायची आणि जायची. मावशीला कुणावर ओरडायलाही उरलं नाही, आणि खरं सांगतो, त्या गल्लीत राहणं मला जड झालं.

उन्हाळा लागायच्या आत ती गेली. इथल्या कबरस्तानात तिला पुरलं. फिक्रीनं तिच्या कुशीला नबराच्या नावानं दगडांचा एक लहानसा ढीग रचलाय. खाली काही नाही, नुसती रेती. धंदा त्यानं सोडला नाही, सोडून खाणार काय? देवळातली गोष्ट तो रोज सांगतो, टाळ्या रोज पडतात. त्या वेळी मी हल्ली बोटीतच बसून राहतो.

शुक्रवारी आम्ही दोघं कबरस्तानात जातो. आईच्या उशाशी त्यानं नवा वाडगा ठेवलाय, तो काठोकाठ भरतो. जुना वाडगा त्या लहान ढिगाच्या उशाशी आहे. त्यात तो पाण्याचा थेंब घालत नाही. अंगरख्याच्या सोग्यानं आतून पुसतो, बोट फिरवून बघतो, कुठे ओल राहिली नाही ना, आणि कोरडा करून ठेवतो.